‘किरकोळ कारणावरून’ असे छापू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दीड-दोन वर्षांच्या लेकराला घरातल्याच कुणी मारहाण केली, चटके दिले, क्वचित त्यात ते दगावले, अशी बातमी मराठी वृत्तपत्रांतून वरचेवर येते. तिची भाषा आता साच्यातली झाली आहे. ‘चिमुकल्या’ने सुरुवात, ‘नराधमा’ने शेवट आणि मधे ‘किरकोळ कारणावरून’ हे दोन शब्द. कारण पुढे दिलेले असते: रडायचे थांबेना, घास थुंकला, चड्डीत शी केली, रात्री झोपेना. आम्ही दोघे याच वयाच्या मुलांबरोबर काम करतो, एक दवाखान्यात आणि एक अंगणवाड्यांत, आणि आमची तक्रार त्या दोन शब्दांविषयी आहे. रडणे, जेवण, शी-शू आणि झोप ही कारणे देशोदेशीच्या बालरोगतज्ज्ञांच्या नोंदींत पुन्हा पुन्हा सापडतात. कोणत्या वयात, दिवसाच्या कोणत्या वेळी मोठ्या माणसाचा तोल जाईल हे बऱ्याच अंशी आधीच सांगता येते. ते किरकोळ म्हणून सोडून दिले की टाळण्याची संधीही सुटते. शिवाय ‘नराधम’ हा शब्द वाचून कोणताही बाप ‘हे माझ्याबद्दल आहे’ असे म्हणत नाही. काल रात्री त्याने पोराला खांद्यांना धरून गदागदा हलवले असले, तरी नाही.

त्या हलवण्यापासूनच सुरुवात करतो, कारण तेवढ्याने मूल मरू शकते हे अनेक शिकल्यासवरल्या घरांतही माहीत नसते. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते. जन्मतः डोक्याची लांबी अंगाच्या जवळजवळ चौथा हिस्सा भरते. मानेचे स्नायू मात्र दुबळे असतात. पुढे-मागे झटके बसले की डोके मानेवर भिरभिरते, मेंदू कवटीच्या आत सरकतो आणि मेंदूच्या पृष्ठभागावरून आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा तुटतात. आवरणाखाली रक्त साचते, डोळ्यांच्या पडद्यावर रक्तस्राव होतो, मेंदूला सूज येते. बाहेरून ओरखडाही दिसत नाही. ब्रिटिश मेंदूशल्यविशारद नॉर्मन गथकेल्च यांनी १९७१ साली ही गोष्ट नेमकेपणाने मांडली. त्याआधी १९६२ मध्ये अमेरिकेत हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मार खाल्लेल्या मुलाची’ लक्षणे वैद्यकीय निदान म्हणून प्रथम छापली होती. त्यापूर्वी मुलांची हाडे मोडत नव्हती असे नाही. डॉक्टर तिकडे बघत नव्हते, इतकेच.

बाळाच्या रडण्याला ठरलेला चढउतार असतो. दुसऱ्या आठवड्यापासून ते वाढते, सहाव्या ते आठव्या आठवड्यात शिगेला पोहोचते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उतरते. टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली आयांकडून रोजच्या नोंदी ठेवून घेतल्या, तेव्हा सहाव्या आठवड्यात दिवसाकाठी सुमारे पावणेतीन तास रडणे निघाले. तेही निरोगी, नीट पोसलेल्या बाळांचे, आणि त्यातले बरेचसे संध्याकाळी. हलवल्यामुळे होणाऱ्या इजांचा चढ याच चढाच्या थोडा मागून येतो. बाळंतपणानंतर घरी पाठवताना आईला टाके, दूध आणि लसी यांविषयी सांगतात. ‘दीड-दोन महिन्यांचे होईल तेव्हा संध्याकाळी तास-तास रडेल, काही केल्या थांबणार नाही, त्यात तुमची चूक नाही, आणि कितीही राग आला तरी हलवू नका’ हे वाक्य मात्र फार थोडे जण बोलतात. बापाला तर कुणीच सांगत नाही.

इथे एक भीती दूर करायला हवी. झोळीत किंवा पाळण्यात संथ झोका दिल्याने ही इजा होत नाही. झोळीच्या गाठी आणि वरचा हूक तेवढा तपासावा. मालिशवाली बाई बाळाला पाय धरून उलटे झुलवते ते मात्र बंद करा. बाळ दंडाला धरून उचलणेही. एक ते चार वर्षांच्या मुलाचा हात हिसकला, की कोपराजवळ हाडाचे टोक आपल्या पट्ट्यातून निसटते. मूल हात लुळा धरून बसते, जवळ गेले तरी किंचाळते. जाणकार डॉक्टर ते मिनिटभरात जागेवर आणतात, पण बसथांब्यावर ‘चल म्हणते ना’ म्हणून दिलेल्या एका हिसक्याने ते होते.

आता रांगत्या-चालत्या मुलांविषयी. यांच्याबाबतीत मोठ्यांच्या रागाचे मूळ एका समजुतीत आहे: ‘मुद्दाम करतो’. दीड वर्षाच्या मुलाकडे साधारण दहा-वीस शब्द असतात. दोन वर्षांचे मूल पन्नासेक शब्द बोलते आणि दोन शब्द जोडायला लागते. समजते त्याच्या कितीतरी पट. हवे ते नेमके कळते पण सांगता येत नाही, अशी ही दीड-दोन वर्षे असतात. स्वतःला आवरण्याचे काम करणारा मेंदूचा पुढचा भाग तर पंचविशीपर्यंत घडत असतो. त्यामुळे जमिनीवर अंग टाकून देणारे पोर कुणाचा सूड घेत नसते. बहुतेक थयथयाट पाच मिनिटांच्या आत ओसरतो. तो लांबतो मोठ्यांच्या बोलण्याने. ऐन भरात ‘का रडतोस? काय हवंय? कालच दिलं ना?’ असे प्रश्न विचारले तर आगीत तेलच.

मग करायचे काय? आधी आजूबाजूचे टोकदार, गरम, काचेचे दूर करा. त्याच्या उंचीवर खाली बसा, हातभर अंतरावर. एक-दोन वाक्ये पुरे: ‘राग आलाय. मी इथेच आहे.’ नंतर गप्प राहायचे. मारायला किंवा चावायला धावला तर मनगट सैलसर धरून ‘चावायचं नाही’ एवढेच सांगायचे. ज्या वस्तूसाठी हट्ट चालला आहे ती त्या वेळी द्यायची नाही, नाहीतर उद्याचा हट्ट आजच ठरला. रागाचा सूर उतरून मुसमुसणे सुरू झाले की जवळ घ्यायचे. हा बदल कानाला स्पष्ट कळतो. उलट-तपासणी नको. मुळात हट्ट कमी व्हावेत म्हणून दोन गोष्टींची सवय लावून घ्या. निघण्याआधी पाच मिनिटे सांगा, ‘अजून दोन वेळा घसरगुंडी, मग घरी’. आणि जिथे शक्य तिथे दोनांतून एक निवडू द्या, लाल सदरा की पिवळा. ‘आंघोळ करायची का?’ हा प्रश्न विचारूच नका, कारण उत्तर ‘नको’ असणार हे ठरलेले. एकदा सांगितले की मनात दहापर्यंत मोजा. दोन वर्षांच्या मुलाला वाक्य ऐकून, समजून, हालचाल करायला तेवढा वेळ लागतो. आपण त्या दहा सेकंदांत तीनदा ओरडून मोकळे होतो.

धमक्यांबद्दल जाता जाता. बागुलबुवा परवडला, तो निदान कुठे भेटत नाही. ‘पोलीस धरून नेतील’ ऐकून वाढलेले मूल जत्रेत हरवले की खाकी कपडे बघून लपून बसते आणि ‘डॉक्टर सुई टोचतील’ ऐकलेले मूल पोट दाबू देत नाही.

जेवणावरून होणारी मारहाण बरीचशी गणिताच्या चुकीतून होते. पहिल्या वर्षात बाळाचे वजन तिप्पट होते, तीन किलोचे नऊ. दुसऱ्या वर्षात दोन-अडीच किलोच वाढते. वाढ मंदावली की भूक मंदावणारच, पण नेमके याच वेळी आई-आजीला वाटते, ‘आधी किती छान जेवायचा, आता तोंड उघडत नाही.’ मग मोबाइल, मग नाक दाबून घास, मग चापट. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी अडीचशे मिलीच्या वाटीने पाऊण ते एक वाटी मऊ, घट्टसर अन्न आणि मधे एक-दोनदा थोडे खाणे पुरते. जेवणाला वीस ते तीस मिनिटे द्या, त्यानंतर न बोलता ताटली उचला. मधल्या वेळात बिस्कीट-वेफर्स नको. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध नको. त्याने भूक मरते, मलावरोध होतो आणि रक्तही कमी होते. नवी भाजी आठ-दहा वेळा समोर आल्याशिवाय मूल ती ‘आपली’ मानत नाही. दोनदा थुंकली म्हणून निकाल लावू नका.

रक्त कमी असण्याचा मुद्दा इथे अवांतर वाटेल, पण तो नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातली ६ ते ५९ महिन्यांची ६७.१ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. लोह कमी पडलेले मूल किरकिरे होते, जेवत नाही, माती खाते, नीट झोपत नाही. म्हणजे ज्या चार कारणांवरून मार पडतो त्यातली तीन रक्तक्षयाची लक्षणेही आहेत. सरकारी कार्यक्रमात या वयाला लोहाचे सिरप आठवड्यातून दोनदा, दर वेळी एक मिली, फुकट मिळते. बाटली बहुतेक घरांत असते, फळीवर, सील न तोडलेली. ‘त्याने शी काळी होते’ म्हणून. शी काळी होणे अपेक्षितच आहे. सतत किरकिरणाऱ्या मुलाचे हिमोग्लोबिन, कान आणि पोट तपासून घेण्याआधी त्याला ‘हट्टी’ ठरवू नये.

शी-शूवरून पडणारा मार सर्वांत क्रूर असतो, आणि उकळत्या पाण्याचे किंवा पार्श्वभागावरचे चटके बहुधा इथलेच. ‘दीड वर्षाचा झाला, अजून चड्डीत करतो’ ही तक्रारच चुकीची आहे. शौचाच्या स्नायूंवर ताबा यायला अठरा ते चोवीस महिने लागतात, दिवसभर चड्डी कोरडी राहायला अडीच-तीन वर्षे. रात्री अंथरूण ओले होणे पाच वर्षांपर्यंत आजार मानलाच जात नाही. शिकवायला सुरुवात केव्हा करायची? दोन तास कोरडे राहते, चड्डी स्वतः खाली ओढता येते, शी येताना कोपऱ्यात जाऊन उभे राहते किंवा सांगते, ही चिन्हे दिसली की. जेवणानंतर आतडी आपोआप हलतात, म्हणून जेवल्यावर पाचेक मिनिटे बसवा. पाय टेकले पाहिजेत. लोंबत्या पायांनी जोर लावता येत नाही. भारतीय पद्धतीच्या भांड्याचे भोक या वयाला विहिरीसारखे वाटते, तेव्हा आधी पॉटी किंवा अंगणातला कागद चालेल. झाली तर ‘छान’, नाही झाली तर काही बोलायचे नाही. घरात धाकटे भावंड आले की जमलेले सगळे दोन-तीन महिने विसरले जाते, तेही धरून चाला.

यातली सर्वांत फसवी अडचण मलावरोधाची. एकदा कडक शी होऊन दुखले की मूल ती दाबून धरते. दाबल्याने ती आणखी कडक होते, आणि मग तिच्या कडेने पातळ मळ नकळत झिरपून चड्डी खराब होते. आईला वाटते जुलाब आहे किंवा मुद्दाम घाण करतो. मुलाला कळतही नसते. यावर औषध आहे, ते काही महिने द्यावे लागते, आणि मारल्याने आजार नक्की वाढतो.

झोपेचे थोडक्यात. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते, तीन-चार वर्षांच्याला १० ते १३. दुपारची झोप बुडाली की संध्याकाळी पाच ते आठ हा घरातला वाईट काळ. दिवेलागणीला पोर किरकिरते हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते. त्या दृष्ट काढत. मिरच्यांचा धूर मुलाच्या छातीला वाईटच, पण त्या पाच मिनिटांत घरातले सगळे हातातले काम टाकून त्या मुलाभोवती शांत बसत, हा त्यातला उपयोगी भाग. आजच्या घरात त्याच वेळी कुकर, ट्रॅफिकमधून आलेला बाप, मोठ्याचा गृहपाठ आणि मालिका एकत्र आलेले असतात. पाच ते आठमधले एक तरी काम दुपारी उरकता आले तर बघा. पोळ्यांची कणीक मळून ठेवण्याने जितके मार वाचतात तितके उपदेशाने वाचत नसावेत.

तरीही हात उठायची वेळ येते. त्याची चाहूल अंगाला आधी लागते: दात आवळले जातात, कान तापतात, आवाज चढतो. त्या क्षणी मूल खाली ठेवा. पलंगावर नको, जमिनीवरच्या गादीवर. गॅस बंद, गॅलरीचे दार लावलेले आणि न्हाणीघरातली बादली रिकामी. चार बोटे पाण्यातही या वयाचे मूल डोके खाली जाऊन बुडते. मग खोलीबाहेर या. दार लोटून घ्या, कडी लावू नका. पाच ते दहा मिनिटे तोंडावर पाणी मारा, जिन्यात जाऊन उभे राहा, कुणाला तरी फोन करा. मधे एकदा डोकावून बघा. सुरक्षित जागी ठेवलेले निरोगी मूल दहा मिनिटे रडल्याने त्याला काही होत नाही. आई खोलीबाहेर उभी दिसली तर सासूने ‘एवढंसं पोर सांभाळता येत नाही?’ असे विचारू नये. त्या प्रश्नाची किंमत मूल चुकते करते. घरात आधीच ठरवून ठेवा की ‘घे याला’ म्हटले की समोरच्याने कारण न विचारता घ्यायचे. दारू प्यालेल्या माणसाकडे मूल पाच मिनिटेही सोपवायचे नाही.

‘एक चापट मारली तर काय बिघडते?’ हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारतात. चापट बसली की रडे क्षणभर थांबते, धक्क्याने. त्यातून मूल काही शिकत नाही, शिकतो तो मोठा माणूस: मारले की थांबते. पुढच्या आठवड्यात तीच चापट पुरत नाही. मुलाला सवय होते आणि आपल्याला वाटते कोडगा झाला. मग धपाटा, मग झारा. रुग्णालयात पोहोचलेल्या मारामागे पुष्कळदा अशी साध्या चापटींची शिडी असते. कानशिलात दिल्याने कानाचा पडदा फाटतो, पाठीत घातलेला गुद्दा मूत्रपिंडाला लागतो, पोटातली लाथ यकृत फाडते. एवढ्याशा अंगावर ‘नुसती पाठीत दिली’ अशी जागाच नाही.

बाळंतपणानंतर किंवा त्याशिवायही दोन आठवडे सलग उदास वाटणे, झोप उडणे, ‘याला फेकून द्यावे’ असे विचार मनात येणे हा आजार आहे, आणि तो बापांनाही होतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक यासाठीच आहे, मराठीतही बोलता येते.

धीर हा गुण खरा, पण तो मोकळ्या हातांवर अवलंबून असतो. ऊसतोडीच्या फडात पहाटे तीन-चारला उठणाऱ्या आईचे दोन वर्षांचे पोर कोपीत सात वर्षांच्या बहिणीकडे असते, तिथे धीराचे धडे कुणाला द्यायचे? हीच गोष्ट पाळणाघरांची. खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारतानाचे चित्रण २०१६ च्या नोव्हेंबरात राज्याने पाहिले. बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये पूर्वप्राथमिकच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्यानंतरही सर्वत्र कॅमेऱ्यांची मागणी झाली. कॅमेरे लावावेतच, पण थकलेल्या बाईला कॅमेरा बदली देत नाही. पाळणाघर बघायला जाल तेव्हा एका बाईमागे तीन वर्षांखालची किती मुले आहेत ते मोजा. चारपाचाच्या पुढे आकडा गेला तर आमच्या मते तिथे ठेवू नये. तिला जेवायला कोण सोडवते ते विचारा. न सांगता, वेळ बदलून जा. ‘पालकांनी दारातूनच न्यावे’ असा नियम असेल तर तिथूनच परत फिरा.

शासनाच्या रचनेतही नेमके हेच वय निसटते. आशाताई घरी येऊन लहान मुलाची चौकशी करतात ती तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात. हट्टाचे वय सुरू होते आणि भेटी संपतात. अंगणवाडीत मूल बसायला येते ते तिसऱ्या वर्षी. त्याआधी घरी न्यायची आहाराची पाकिटे तेवढी मिळतात. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून बालअत्याचारांचा अहवाल काढला. घरात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्क्यांना तो आईवडिलांकडून मिळाला होता. पण त्यात प्रश्न विचारले ते पाच वर्षांच्या वरच्यांना. सर्वांत लहानांना विचारणार कसे? १६ ते २४ महिन्यांत बूस्टर आणि गोवर-रुबेलाची दुसरी लस द्यायला प्रत्येक मुलाला आणायचे असते. त्या दिवशी ओट्यावर अर्धा तास बसावेच लागते. त्या अर्ध्या तासात शी-शू, भूक आणि हट्ट यांविषयी दहा मिनिटे बोलायला परिचारिकेला आणि आशाताईला शिकवावे, आणि अठराव्या व चोविसाव्या महिन्यात प्रत्येकी एक भेट वाढवावी, बाप घरी असेल अशा वेळी. आरोग्य विभागाकडे आमची एवढीच मागणी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला अंगणवाडी मुलांच्या दारात नेली ती शिक्षा न करता शिकवता येते हे दाखवत. त्या कल्पनेचा आहार आपण उचलला, उरलेले काम बाकी आहे.

शेजाऱ्यांनी आणि शिक्षिकांनी काय बघावे? चालत्या मुलाच्या नडग्या, गुडघे, कपाळ यांवरचे वळ खेळातले असतात. कान, मान, गाल, छाती-पोट आणि ढुंगणावरचे वळ सहसा खेळातले नसतात. जे बाळ अजून धरून उभेही राहत नाही, त्याच्या अंगावर काळानिळा डाग आपोआप येत नाही. चार महिन्यांखालच्या बाळावर कुठेही वळ दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर. पट्ट्याचा, वायरच्या दुमडीचा, बोटांचा ठसा उमटलेला असतो. दोन्ही पायांना मोजा घातल्यासारखी सरळ रेषेतली भाजल्याची खूण म्हणजे पाय गरम पाण्यात धरून ठेवले होते. सांडलेल्या पाण्याची खूण वेडीवाकडी, वरून खाली ओघळत गेलेली असते. कथा आणि वय जुळते का पाहा. दोन महिन्यांचे बाळ ‘लोळत पलंगावरून पडले’ हे पटण्यासारखे नाही. मात्र घाईही नको. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या कमरेवर-ढुंगणावर जन्मतः निळसर डाग असतात, ते मार नव्हेत. ते दिवसागणिक रंग बदलत नाहीत, वळ बदलतो. रक्त न गोठण्याचे आणि हाडे ठिसूळ असण्याचे आजारही असतात, ते डॉक्टरांनी तपासायचे. मेळघाटात पोट फुगले म्हणून बाळाला तापल्या विळ्याने डागण्याची ‘डंबा’ ही रीत आहे. हेतू उपचाराचा, जखम तीच.

मूल हलवले गेले असेल, मारले गेले असेल आणि ते सुस्त पडले, ओकू लागले, झटके आले, टाळू फुगली किंवा श्वास अडखळला, तर रुग्णालयात खरे सांगा. ‘पडला’ म्हटल्याने डोक्याचे सीटी स्कॅन आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी लांबते. तेवढ्या तासांत वाचणारे मूल जाऊ शकते.

संशय आला तर १०९८, म्हणजे मुलांसाठीची मदतवाहिनी. ही सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली, आज देशभर चोवीस तास चालते, फोन फुकट. मूल कुठे आहे, काय दिसले, काय ऐकू आले, किती दिवस, एवढे सांगायचे. पुरावे गोळा करत बसायचे नाही, जाब विचारायला त्या घरात जायचे नाही. त्याचा राग रात्री मुलावरच निघतो. ‘मूल उचलून अनाथालयात टाकतील’ ही भीती अनेकांना गप्प बसवते. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आहे. बालकल्याण समिती आधी घरची चौकशी करते, समुपदेशन करते, आजी-मावशी शोधते. याच कायद्याच्या कलम ७५ नुसार ताब्यातल्या मुलाशी क्रूर वागणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पाळणाघरासारख्या संस्थेच्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणे सक्तीचे आहे, शाळेची अब्रू जाईल म्हणून थांबता येत नाही. शाळेतल्या शारीरिक शिक्षेवर शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. घरातल्या चापटीवर स्वीडनने १९७९ मध्ये आणि शेजारच्या नेपाळने २०१८ मध्ये बंदी घातली. आपल्याकडे तशी स्पष्ट बंदी अजून नाही.

शेवटी आपल्या पानांविषयी. अशा बातमीत बापाचे नाव, गल्ली आणि अंगणवाडीचा क्रमांक छापला की मुलाची ओळख उघड होते. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने ते मना आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सीसीटीव्हीचे चित्रण पुढे पाठवणाऱ्या वाचकांनाही ते लागू आहे. ‘किरकोळ कारणावरून’ऐवजी मुलाचे वय, वेळ आणि कारण साध्या शब्दांत लिहावे: ‘संध्याकाळी सात वाजता, चड्डीत शी केली म्हणून, वय १९ महिने’. आणि बातमीखाली एक ओळ: मुलांसाठी १०९८, हात उठतो असे वाटणाऱ्या मोठ्यांसाठी १४४१६. जागा कमी पडत असेल तर ‘नराधम’ हा शब्द काढावा, तेवढ्यात दोन्ही क्रमांक मावतात.

आपले,
एक बालरोगतज्ज्ञ व एक अंगणवाडी पर्यवेक्षिका
(नावे व पत्ते संपादकांकडे)